घाटरस्त्याला निघालेल्या भाचीसाठी

नवी सायकल घेतलीस आणि पहिलाच मोठा पल्ला पुणे ते वाई ठरवलास, हे ऐकून मला फार आनंद झाला. पण तू पाठवलेल्या नकाशात कात्रज, मग सरळ महामार्ग, खंबाटकी, सुरूर फाटा आणि वाई अशी रेघ आहे. त्या रेघेवर फुली मार. अंतर कमी पडतं हे खरं, पण महामार्गावर पुण्याकडून जाणारी अवजड वाहनं तुझ्या सोबतीला असतील आणि दिवसभर तुला ट्रकची मागची बाजू सोडून काही दिसणार नाही. सायकलवर जायचं ते रस्ता बघायला. त्यासाठी रस्ता निवडताना किलोमीटर मोजू नकोस. चढ कुठे आहे, पाणी कुठे मिळेल आणि आपण कुठे कुठे उतरणार आहोत, हे तीन प्रश्न आधी विचार. मला विचारशील तर तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

माझ्या मते वाईचा खरा रस्ता सासवड, नारायणपूर, भोर, मांढरदेव असा आहे. महामार्ग फक्त एकदा, कापूरहोळला, ओलांडावा लागतो. एका दिवसात करायचा हट्ट धरू नकोस. पहिला मुक्काम भोरला, दुसरा वाईला.

निघायचं ते उजाडायच्या आधी. कोंढव्याची वाहतूक जागी व्हायच्या आत तू बोपदेव घाटाच्या पायथ्याशी असायला हवीस. पुढे-मागे दोन्ही दिवे लावायचे, आणि ते उजाडल्यावरही बंद करायचे नाहीत. बोपदेवचा चढ लहान आहे, पण सुरुवातीलाच आहे, म्हणून तिथेच माणसं फसतात. पाय ताजे असतात, रविवार असेल तर शेजारून दहा जण सपासप पुढे जातात आणि आपणही जोर लावतो. तसं करू नकोस. पहिल्या घाटात तोंडाने बोलता यायला हवं. सोबत कोणी नसेल तर एखादं गाणं गुणगुण. दम लागून ओळ तुटली की समज, वेग जास्त झाला.

गिअरचं एकच सांगते. चढ दिसला की चढाच्या आधी हलक्या गिअरवर ये, म्हणजे पुढे लहान चकती, मागे मोठी. चढावर पाय अडकल्यावर जोर देऊन गिअर बदलायला गेलीस तर साखळी उतरते, कधी तुटतेही. सायकल घेताना दुकानदाराने तुला वजन सांगितलं असेल, चौकट कशाची आहे ते सांगितलं असेल. मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची, हे तू विचारून घे. आपल्या घाटांना बत्तीस किंवा त्याहून जास्त हवे. टायर अठ्ठावीस मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि हवा भरताना आकडा टायरच्या कडेला छापलेल्या कमाल दाबापर्यंत नेऊ नकोस. दगडासारखं टायर आपल्या रस्त्यांवर नुसतं उडतं.

घाट चढून गेलं की भिवरी, चांबळी करत उतरता उतरता कऱ्हेकाठचं सासवड येतं. इथे पहिल्यांदा सायकल टेकव. सोपानकाकांची समाधी इथली, पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेला तोही इथेच. पण तुला एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर संगमेश्वर बघ. नदीच्या संगमावरचं देऊळ, काळ्या दगडाच्या चढत्या पायऱ्या आणि सकाळी जवळजवळ कोणी नसतं. हंगाम असेल तर अंजीर आणि सीताफळं रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून मिळतात. अंजिरं घे, सायकलवर खायला इतकं सोयीचं फळ दुसरं नाही. सीताफळाचा मोह सोडून पुढे जा, दहा मिनिटं बिया थुंकण्यात जातात.

सासवडहून नारायणपूरकडे जाताना पुरंदर आणि वज्रगड समोर असतात आणि दर वळणाला थोडे जवळ येतात. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला आणि आठ वर्षांनी, १६६५ मध्ये, शिवरायांचा मिर्झाराजाशी तह झाला तो याच किल्ल्याच्या नावाचा. वर जायचा बेत आज करू नकोस. किल्ल्याला दिवस वेगळा द्यावा. पायथ्याचं नारायणेश्वराचं यादवकालीन देऊळ मात्र चुकवू नकोस. दत्ताच्या देवळाला येणारी गर्दी शेजारच्या या जुन्या देवळाकडे फारशी वळत नाही, म्हणून तिथे निवांत बसता येतं. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जा. त्या दिवशी गाड्यांच्या रांगांतून सायकल काढणं नको होतं.

देवळांचा विषय निघालाय म्हणून सांगते, सामानात एक पंचा ठेव. सुती, पातळ, साधा. सायकलची तंग अर्धी चड्डी घालून गाभाऱ्यापाशी जायला तुलाही अवघडतं आणि तिथल्या म्हाताऱ्या बायांनाही. पंचा कमरेला गुंडाळला की प्रश्न मिटतो. तोच घाम पुसायला, उन्हात मानेवर टाकायला, साखळी चढवल्यावर हात पुसायला. दुसरी गोष्ट, साध्या चपला. तुझे ते पायडलला अडकणारे क्लीटचे बूट सायकलवर उत्तम, पण देवळाच्या गुळगुळीत फरशीवर आणि नदीच्या घाटावर धोक्याचे. दगडी पायरीवर क्लीट सरकला की पाऊल धरतच नाही. उतरलीस की आधी बूट काढून चपला घालायच्या, मग पुढे चालायचं.

नारायणपूरनंतर घाट उतरून केतकावळे आणि मग कापूरहोळ. उताराबद्दल नीट वाच, कारण घाटात अपघात होतात ते चढताना नाही, उतरताना. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दोन्ही ब्रेक वापरायचे, आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि त्यावर वजन. आतलं पायडल खाली राहिलं तर रस्त्याला घासतं. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. आणि आपल्याकडच्या वळणांवर एक खास गोष्ट असते, बारीक खडी. गाड्यांच्या चाकांनी ती वळणाच्या बाहेरच्या कडेला ढकललेली असते, नेमकी सायकलवाला जातो तिथे. खडीवर आलीस तर ब्रेक सोड, हँडल सरळ ठेव, सायकल आपली आपण निघते.

कापूरहोळ म्हणजे धाराऊ गाडे यांचं गाव. आई सईबाई आजारी असताना बाळ संभाजीला दूध पाजलं ती धाराऊ. महामार्गावरच्या हॉटेलात शेकडो गाड्या थांबतात, त्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं. इथून मनात आलं तर महामार्गाचा छोटा तुकडा उलट पुण्याच्या दिशेला करून नसरापूरला जा. सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धर, सायकल उलट्या बाजूने कधीही चालवू नकोस. मी हा वळसा घ्यायला का सांगते, तर बनेश्वरासाठी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे महादेवाचं देऊळ गर्द झाडीत आहे. तिथे एक घंटा टांगलेली आहे, तिच्यापाशी थांब आणि नीट बघ. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. महादेवाच्या देवळात क्रूस कुठून आला? १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या. ही त्यांतली एक. दुसरी तुला याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वाईजवळ भेटणार आहे. त्या दोन घंटांच्या मधला रस्ता म्हणजे तुझी ही सफर, असं मी म्हणेन.

कापूरहोळहून भोरचा रस्ता सायकलसाठी फार चांगला. चढउतार आहेत, पण दमवणारे नाहीत. भोरच्या अलीकडे नीरा नदी एक डौलदार वळसा घेते, लोक त्याला नेकलेस पॉइंट म्हणतात. फोटो काढायला रस्त्याच्या मधे उभी राहू नकोस, सायकल पूर्ण डांबराबाहेर घे. भातकापणीनंतर, दिवाळीच्या सुमारास गेलीस तर या भागात रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावर, भात नाहीतर नाचणी वाळत घातलेली दिसेल. कडेने दगडांची ओळ लावलेली असते, एखादी आजी छत्री उघडून राखण करत बसलेली असते. त्या दाण्यांवरून सायकल घालायची नाही, जागा नसेल तर उतरून चालत जायचं. वर्षाचं धान्य आहे ते. शिवाय दाण्यांवर चाक घसरतं ते वेगळंच. उतरलीस की आजी आपणहून विचारते, कुठनं आलीस, एकटीच का. दोन मिनिटं बोल. पुढे रस्ता कुठे उखडलाय, टाकीला पाणी आहे की नाही, याची नकाशापेक्षा ताजी माहिती तिथे मिळते.

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. राजवाडा बाहेरून तरी बघच. लाकडी काम पाहण्यासारखं आहे. आत जाता येतं का हे तिथे विचार. मुक्कामाला खोली घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो सायकल आत ठेवता येईल का हा. बाहेर कुलूप लावून ठेवते म्हणालीस तर रात्री झोप लागणार नाही. हाताशी दुपार उरली तर भाटघर धरणाकडे फेरी मार. वेळवंडी नदीवरचं इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण आहे. त्याच्या पाण्यात कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातला बहुतेक काळ ते बुडालेलं असतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरलं की वर येतं. वरंध घाटाकडे मात्र पावसाळ्यात वळू नकोस, तो रस्ता दरडींचा आहे आणि बऱ्याचदा बंद असतो. रायरेश्वराचं नाव ऐकून तिकडे जावंसं वाटेल. शिवरायांनी जिथे स्वराज्याची शपथ घेतली असं मानतात, ते ठिकाण. पण ते पायी चढायचं पठार आहे, पुढच्या खेपेला ठेव.

दुसऱ्या दिवशी खरं काम आहे. भोरहून निघालीस की दहाएक किलोमीटरवर आंबवडे. इथे घाई केलीस तर मी रागवेन. नागेश्वराचं देऊळ झाडांच्या सावलीत आहे, ओढ्यावर संस्थानकाळातला झुलता पूल आहे. आणि इथेच कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. १६५९ साली अफजलखान वाईला येऊन बसला, मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं गेली, की खानाला मिळा. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन शिवरायांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. जिवा महालाने प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवला, ती गोष्ट तू शाळेत वाचली आहेस. ज्या खानाचा तळ वाईला होता, त्याच वाईकडे तू आता निघाली आहेस आणि मधे फक्त हा मांढरदेवचा डोंगर आहे. समाधीपाशी उभी राहून तो डोंगर बघ. पुस्तकातला इतिहास आणि पायाखालची जमीन एकमेकांशी जोडायची तर सायकलसारखं वाहन नाही, कारण ते अंतर आपल्या पोटऱ्यांना कळतं.

आंबवड्यात दोन्ही बाटल्या काठोकाठ भर. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. वरच्या टप्प्यात दुकान मिळेलच असं धरून चालू नकोस. तहान लागायच्या आधी घोट घ्यायचा, भूक लागायच्या आधी घास खायचा. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं, भिजवलेले खजूर, एवढं पुरतं. परदेशी पाकिटातली ती गोड पेस्ट घ्यायची असेल तर घे, पण पाकीट खिशात परत यायला हवं.

मांढरदेवचा घाट बोपदेवसारखा नाही. डोंगर साडेचार हजार फुटांहून उंच आहे, काही वळणं उभी आहेत. इथे तंत्र एकच, सगळ्यात हलका गिअर आणि बसून, सारख्या लयीत पाय फिरवणं. उभं राहून मारायचं ते फक्त वळणापुरतं, पाठ मोकळी करायला. दोन वळणांचं ध्येय ठेव, माथ्याचं नको. आतल्या कडेला चढ जास्त असतो. मागून-पुढून काही येत नसेल तर थोडं बाहेरून वळ. आणि पाय खरोखर थकले तर उतर आणि सायकल हातात धरून चाल. त्यात कमीपणा अजिबात नाही. चालताना दरी दिसते, पाखरं ऐकू येतात. छातीत धडधड वाढली, डोळ्यांसमोर अंधारी आली, घाम थांबून अंगावर काटा आला, यांतलं काहीही झालं तर सावलीत बसायचं आणि पुढे जायचं की नाही हे अर्ध्या तासाने ठरवायचं. त्या वेळी मनाची समजूत काढत पुढे रेटायचं नाही.

माकडांसमोर पिशवी उघडू नकोस. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नकोस. उतर, सायकल आपल्या आणि त्यांच्या मधे धर, आवाज चढवून हाकल. बहुतेक वेळा तेवढ्याने जमतं.

मांढरदेवच्या काळूबाईचं दर्शन घ्यायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार टाळ, आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत तर या रस्त्याला फिरकू नकोस. २००५ च्या जानेवारीत त्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसं गेली. त्या काळात घाटात सायकलला जागाच नसते. तसंच रंगपंचमीला वाईजवळ बावधनला बगाडाची जत्रा असते. ती बघायची तर खास तिच्यासाठी ये, सायकल घरी ठेवून.

उतरून वाईला आलीस की पहिल्यांदा जेव. मग कृष्णेवरच्या घाटावर बस, ढोल्या गणपतीला जा. सरदार रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. नदीच्या अंगाला त्याची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. गणपती सगळेच बघतात, तू मागे जाऊन ती भिंत बघ. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून उभं केलं, हेही ध्यानात असू दे.

ऊन कललं की मेणवली. वाईहून तीनेक किलोमीटर, सपाट रस्ता. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा घाट आणि घाटावरच्या देवळापाशी वसईची दुसरी घंटा. पंचधातूची, १७०७ सालची, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. हात लावून बघ, पण वाजवायचा मोह आवर. पुढच्या दिवशी पायांत जीव असेल तर तसंच पुढे धोमला जा. नृसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं.

पसरणीचा घाट करून पाचगणी गाठायची का, हे तू वाईला सकाळी उठल्यावर ठरव, आज नको. बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आहे, पण तो एकसारखा आहे, मांढरदेवपेक्षा सोसवतो. शनिवार-रविवारी मात्र तिथे पर्यटकांच्या गाड्या इतक्या असतात की मी तुला जाऊच नको म्हणेन. ऊसतोडीच्या हंगामात वाईच्या परिसरात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून आत वळायचं नाही, दुसरी तिच्या मागे डोलत येत असते.

परतीला सायकलच मारली पाहिजे असं नाही. वाईहून एसटी मिळते. सायकल चढवतील का, हे आदल्या दिवशी आगारात विचारून ठेव. नाहीतर वाठारला रेल्वे आहे. वाईहून सुरूरपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा जुन्या वडांपैकी जे उरले असतील, त्यांच्या सावलीतून सायकल चालवायची संधी असेल तर ती घे. रस्ते रुंद होतात तेव्हा पहिली कुऱ्हाड अशाच झाडांवर पडते.

सामानात जादा ट्यूब दोन, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, साखळीची एक जोडकडी. पंक्चर काढायचं घरी, दिवाणखान्यात बसून शिकून घे; मागचं चाक काढून परत बसवता आलं पाहिजे. हेल्मेट नसेल तर निघू नकोस. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेव, कारण घाटात रेंज जाते, आणि घरच्यांना गावांची नावं कागदावर लिहून दे. कार्तिक लागला की निघ. थंडी असते, धुळीला अजून सुरुवात झालेली नसते, ओढ्यांना पाणी असतं. त्याआधी दोन-तीन रविवार नुसता बोपदेव कर, आणि एकदा ये माझ्याकडे, तुझ्या ब्रेकच्या तारा मी बघून देते.